बिनहँडलची गाडी

मिस्त्रीला त्याच्या बायकोनं चार तास गाडीत कोंडलं, हातोडी घेऊन समोर बसली, आणि घर स्वतःच्या नावावर लिहून घेतल्यावरच सोडलं, अशी कुजबुज गल्लीत बरेच महिने होती. असल्या गोष्टींना पाय फुटतात, तसे हिलाही फुटले. चौथ्या घरी पोचेस्तोवर हातोडीची कुऱ्हाड झाली आणि दहाव्या घरात मिस्त्री बेशुद्ध पडला. मूळ सांगणारी पलीकडच्या घरातली मावशी. तिनं खिडकीतून सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मावशीचे डोळे आजही चांगले आहेत, पण खिडकी बंद होती. त्यामुळे जे ऐकू आलं नाही ते तिनं पदरचं घातलं.

मिस्त्री म्हणजे पत्र्याचा माणूस. लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्यानं गॅरेजमध्ये अठ्ठावीस वर्षं घालवली. हातोडीच्या आवाजानं डावा कान गेला, म्हणून बायकोला भांडायचं झालं तर उजव्या बाजूला येऊन भांडावं लागे. पन्नाशी गाठता गाठता त्याला एका मळ्यात एक जुनी गाडी दिसली. तिच्यात कोंबड्यांचा संसार होता. त्यानं गाडी घरी आणली, मागच्या सीटखाली सापडलेलं अंडं बायकोच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ, वसुली सुरू झाली."

नंतरची अकरा वर्षं वसुली काही पुढे सरकली नाही. पुढच्या खोलीची भिंत पाडून तिथं शटर आलं आणि गाडी आत आली. पाहुणे तेव्हापासून स्वयंपाकघरात बसायला लागले, आणि मग पाहुणेही कमी झाले.

गाडी जशी होती तशी नीट करणं मिस्त्रीला कमीपणाचं वाटे. त्याला ती स्वतःच्या मनासारखी घडवायची होती आणि मोठ्या स्पर्धेत पहिली आणायची होती. त्यानं छप्पर कापून चार बोटं खाली आणलं. त्यामुळे सगळ्या काचा नव्यानं कापाव्या लागल्या. त्या एका म्हाताऱ्या काचवाल्यानं कापून दिल्या, आणि शेवटची काच दिल्यावर दुकानच बंद केलं. मग मिस्त्रीनं दारांची हँडलं काढली, भोकं बुजवली, पत्रा असा घासला की माशी बसली तर घसरावी. आतली हँडलंही काढली, काच खालीवर करायचे दांडे काढले. आता सगळं लपवलेल्या बटणांवर, आणि बटणं बॅटरीवर. बॅटरी डिकीत. डिकीसुद्धा बटणावर. अडीअडचणीला दार उघडावं म्हणून गाडीखाली एक तार सोडलेली होती. ती त्यानं गेल्याच आठवड्यात काढून टाकली. परीक्षक विजेरी घेऊन गाडीखाली पाठीवर झोपतात, लोंबती तार दिसली की गुण गेले.

स्पर्धा परवावर आली होती. सकाळी दहाला मिस्त्रीनं घड्याळ आणि पट्टा काढून ठेवला, कारण बकल घासलं तर रंगावर ओरखडा उठतो. ठिणगी नको म्हणून बॅटरीची वायर काढली आणि डिकी तळहातानं दाबून बंद केली. मग फटींतली धूळ काढायला दातकोरण्यांची डबी घेऊन तो आत बसला आणि सवयीनं दार ओढलं.

थप्प.

या आवाजासाठी त्यानं तीन महिने रबर घासलं होतं. आवाज मनासारखा आला, म्हणून पुन्हा ऐकायला त्यानं बटण दाबलं. दार हललं नाही.

त्यानं दुसरं बटण दाबलं. मग तिसरं. मग डिकी आठवली, आणि तो हाका मारायला लागला.

हाका ऐकून बायको आली. ती शिवणकाम करायची. गळ्यात टेप होती.

"अहो, बाहेर या की. चहा गार होतोय."

त्यानं उजवा कान काचेला लावला. "येता येत नाही."

"का? पाय मुरगळला?"

"दार उघडत नाहीये."

"थांबा, मी उघडते." तिनं दारावरून हात फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. "अहो, हँडल कुठाय?"

"काढलं ना मी. दोन वर्षं झाली."

"मग उघडतं कशानं?"

"डिकीतल्या बॅटरीनं."

"आणि डिकी?"

"बॅटरीनं."

बायको हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती आत गेली आणि हातोडी घेऊन आली. मिस्त्रीनं आतून दोन्ही हात काचेवर पसरले, जणू कुणी मुलावरच हात उगारलाय.

"काच नको! अगं, परवा स्पर्धा आहे. ही काच जगात पुन्हा मिळायची नाही."

"मग काय, परवा तुम्हालाही आत ठेवून पाठवू? नंबर येईल."

त्याला उपाय सुचला होता. ड्रायव्हरच्या पायाशी तळाला एक रबरी बूच होतं. ते काढलं तर खालून दोन वायरी आत येतील. तिच्या स्कूटरची बॅटरी आणली, वायरी डॅशबोर्डखाली लावल्या की दार उघडेल. एकच अडचण होती. बुचावर कार्पेट होतं.

"फाडतो मी," तो म्हणाला. "ओढलं की निघेल."

बायकोनं हातोडीचं तोंड काचेला टेकवलं.

"फाडून बघा. तिकडे कार्पेट, इकडे काच."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"ते कार्पेट मी शिवलंय. सीटा मी शिवल्या, छताचं कापड मी शिवलं. दोन हिवाळे त्या गिअरच्या उंचवट्यावर माप घेत गुडघे फुटले माझे."

"अगं, रात्रीतून नवं शिवशील!"

"तुम्ही रात्रीतून काच करा."

"काच मिळत नाही म्हणतोय ना!"

"हे कापडही मिळत नाही. शेवटचा तागा होता. तुम्ही कधी विचारलंत?" ती स्टूल ओढून समोर बसली. "आणि स्पर्धेच्या फॉर्मवर 'बनवणारा' म्हणून नाव कुणाचं लिहिलंय?"

यावर मिस्त्रीनं डावा कान पुढे केला. तिला ती युक्ती लग्नापासून माहीत होती.

शटर उघडं होतं, आणि मावशीनं खिडकीतून पाहिलं ते नेमकं हे.

तासाभरानं आत भट्टी झाली. छप्पर चार बोटं खाली, त्यामुळे मान सरळ करता येईना. घाम सीटवर पडू नये म्हणून त्यानं शर्ट काढून खाली अंथरला. अकरा वर्षांत तो या गाडीत एवढा वेळ कधी बसलाच नव्हता, बाहेरूनच बघत होता. आता हात जिथं जाई तिथं गुळगुळीत. धरायला दांडा नाही, फिरवायला स्क्रू नाही. हाताला लागेल असं सगळं त्यानंच वेचून वेचून काढलं होतं आणि प्रत्येक वेळी बायकोला बोलावून दाखवलं होतं. समोरच्या काचेतून शटरची पट्टी दिसत होती, आणि स्टुलावरची बायको. श्वास घेतला की काचेवर वाफ धरे. पुसली की पुन्हा बायको तिथंच बसलेली.

"मी मरेन इथं," तो म्हणाला.

"नाटकं नकोत. डबीत काय आहे?"

"दातकोरण्या."

"मग उसवा."

"काय?"

"फाडायचं नाही, कापायचं नाही. उसवायचं. दाराकडच्या कडेला पायपिंग आहे, गोटासारखी शिवलेली, तिच्या खाली टाके आहेत. एकेक टाका उचलायचा आणि दातानं तोडायचा. घाई केलीत तर हातोडी आहेच."

सहा फुटांच्या माणसानं स्टिअरिंगखाली डोकं घातलं. पहिली दातकोरणी दुसऱ्या टाक्यालाच मोडली. बायको काचेला तोंड लावून सांगत होती, "खालून घाला, वरून नाही! वरून घातली की धागा घट्ट होतो." पत्र्यातला केसाएवढा पोचा बोटांनी शोधणाऱ्या माणसाला टाका सापडेना. सापडला तर सुटेना. मधेच तिनं जाऊन दहा नंबरच्या पान्यानं स्कूटरची बॅटरी काढून आणली, आणि येऊन विचारलं, "किती झाले?"

"चौदा."

"अजून साठ आहेत."

पायपिंग सुटली, तर खाली आणखी एक शिवण निघाली.

"ही दुसरी कशाला?" तो कळवळून ओरडला. "ही तर दिसतच नाही!"

"दिसायला नाहीच घातली. तिथं पायाचा ताण येतो."

मिस्त्रीनं त्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग तिसरी दातकोरणी घेऊन खाली वाकला.

दोन वाजता त्यानं कार्पेटची कड दुमडली, न फाटता, आणि अंगठ्यानं बूच खाली ढकललं. बायको गाडीखाली आडवी झाली होती. भोकातून दोन वायरी वर आल्या. त्यानं त्या डॅशबोर्डखाली टेकवल्या आणि बटण दाबलं. टक झालं, दार बोटभर सुटलं, आणि मिस्त्री गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. त्याला सरळ उभं राहता येईना. तसाच वाकून त्यानं कपाटातून कागद काढला, स्टुलावर ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि बायकोच्या हातात दिला. मावशीनं तेवढं पाहिलं आणि पडदा सोडून चप्पल घातली.

कार्पेट दुसऱ्या दिवशी वाकड्या सुईनं पुन्हा शिवलं गेलं. गाडी पहिली आली.

दार मिस्त्रीनं स्वतःच ओढून घेतलं होतं. चारांपैकी तीन तास तो टाके उसवत होता. घर त्याच्या थोरल्या भावाच्या नावावर आहे, तेव्हाही होतं. तो कागद स्पर्धेचा फॉर्म होता, आणि मिस्त्रीनं त्यावर 'बनवणारा'समोर आपल्या नावाच्या जोडीला बायकोचं नाव लिहिलं.