सहातले पाच लाख

प्रल्हाद गेल्याचं वंदनावहिनींनीच फोनवर सांगितलं. "भाऊजी, आटपलं सारं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी खूप रडलो. आर्णीत त्याचं पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंगचं दुकान आणि मी ज्या पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं तपासत नोकरी केली ती, समोरासमोर. तीस वर्षं आमचा चारचा चहा एकत्र झाला. त्या रडण्याची लाज नाही, पण आज रडू आलं नसतं, इतका मी त्याच्यावर चिडलेलो आहे.

मागच्या वर्षी त्या नवरा-बायकोचा प्लॉट विकला गेला आणि सहा लाख हाती आले. वहिनी आठवडी बाजारात कपडे विकतात. गाठोडी घेऊन एसटीत कंडक्टरशी भांडणं हा त्यांचा नेम. त्यांच्यासाठी नवी गाडी घ्यायची, यावर दोघांचं एकमत होतं. अडलं ते डाउन पेमेंटवर. वहिनी म्हणायच्या, दोन भरू, चार बँकेत राहू द्या. हा म्हणायचा, पाच भरू. वाद मिटेना तेव्हा त्यानं मला घरी बोलावलं. "तू सांग हिले वसंता, तुहं ऐकते ते."

वहिनींनी पोह्यांची बशी पुढे ठेवली. "उद्या दवाखाना निघाला त कोणाच्या दारात जाचं भाऊजी?"

"दवाखान्यासाठी पैसे ठेवले का दवाखाना येतेच," प्रल्हाद म्हणाला.

मी हसलो... आणि पोहे खात कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. दोन भरले तर हप्ता किती, पाच भरले तर किती, व्याज किती वाचतं. आकडा न आकडा खरा होता. वर 'कर्ज कमी तेवढी झोप चांगली' हेही ऐकवलं. वहिनींनी रिकामी बशी उचलून नेली. पाच लाख भरले गेले.

गाडी आली त्या दिवशी प्रल्हादनं किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे जाऊन बसला, सीट पार मागे सारून, लांब पाय पसरून. वहिनींना ड्रायव्हिंगचा क्लास त्यानं महिनाभर आधीच लावला होता. "मले हौस नाई," म्हणाला. गिऱ्हाइकाची मोटारसायकलसुद्धा एक चक्कर मारून आणल्याशिवाय न सोडणारा माणूस! तिथंच मला शंका यायला हवी होती. नाही आली.

दिवाळीनंतर तो खंगत गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं, खर्चही सांगितला. वहिनी गाडी विकायला निघाल्या, तर यानंच अडवलं. "शोरूमच्या बाहेर निघाली का भाव पडते तिचा. कायले विकतं?"

तेरवी झाली आणि वहिनी एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. दुकानाच्या कपाटात, तांब्याच्या तारेच्या रिळांमागे सापडलेला प्रल्हादच्या तपासणीचा रिपोर्ट, आजाराच्या नावासकट. मी तारीख पाहिली. त्या पोह्यांच्या तीन आठवडे आधीची होती.

"पैसे हाती असते त म्या सारे याईच्यावर लावले असते. ते याईले माईत होतं," त्या म्हणाल्या. मग थेट माझ्याकडे पाहून, "तुमाले माईत होतं काय भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो. खरं होतं ते, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्यानं बायकोच्या हातातला निर्णय काढून घेतला, आणि तोही माझ्या खऱ्या हिशेबानं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. उपचारानं तो वाचला असता का, मला माहीत नाही. पण ते वहिनींना ठरवू द्यायचं होतंस रे... निदान मला मधे घ्यायचं नव्हतंस.

वहिनींनी रिपोर्टची घडी घातली. म्हणाल्या, "तुमाले माईत असतं त तुमाले त्या दिवशी पोहे गेले नसते. म्हणूनच त याईनं तुमाले सांगतलं नाई."

गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या दारासमोर गाडी थांबवली. मागे गाठोडी रचलेली. "फुलसावंगीचा बाजार हाय. चाला, एकटीले रस्ता सरत नाई." मी डावीकडे बसलो. सीट अजून तशीच पार मागे होती. माझी उंची बेताची. पाठ टेकवावी तर पाय समोर कुठंच टेकेनात.

"पुढं घेता काय सीट?" वहिनींनी विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो.

फुलसावंगीपर्यंत मी तसाच अवघडून बसलो आणि मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडलो. वहिनीही वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं त्याच्याशी भांडण माझ्या आधीच सुरू झालेलं असणार.