तेहतीस तासांचं पिल्लू

ब्लेड सरांच्या खिशात पेनाशेजारी दाढीचं अर्धं ब्लेड असायचं, कागदात गुंडाळलेलं. त्यानंच ते पेन्सिलीला टोक काढायचे, त्यानंच अंड्याच्या बलकावरून गर्भ सोडवायचे आणि जर्नलमधली न आवडलेली आकृतीही त्यानंच कापून टाकायचे. भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेल्या आम्हा सगळ्यांच्या जर्नलांना अशी भोकं होती. त्यांच्याविषयी गोड लिहिणं मला जमणार नाही. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी शोकसभेतली भाषणं आठवावीत.

माणूस आंबागडचा. शिकवताना पुस्तकी मराठी, चिडले की गावची बोली, आणि ते चिडले नाहीत असा तास मला तरी आठवत नाही. मुलींवर विशेष राग. पहिल्याच आठवड्यात मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, की इथं जागा अडवून कायले बसली, एखादा पोरगा शिकला असता. मी लाखांदूरहून आलेली, वसतिगृहात राहणारी. त्या रात्री जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसले.

शिकवायचे मात्र असे, की राग विसरून ऐकावं लागे. गर्भाची वाढ हा त्यांचा विषय. "पेशी आपल्या मनानं काहीच होत नसते. शेजारीण निरोप देते, तवा होते," हे त्यांचं पालुपद. उदाहरण डोळ्याचं. मेंदूतून निघालेला फुगा बाहेरच्या कातडीला येऊन टेकतो, निरोप पोचवतो आणि त्या साध्या कातडीचं भिंग होऊ लागतं. फुगा टेकलाच नाही तर भिंग नाही. फार उशिरा टेकला तरी नाही, कारण कातडीची ऐकायची वेळ टळलेली असते. पावसाळ्यात ते आम्हाला कारध्याच्या धानाच्या बांध्यांत न्यायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः चिखलात उतरायचे, बेडकाची अंडी आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवायचे आणि परतेपर्यंत कोणाला वाकडा शब्द बोलायचे नाहीत. त्या एका दिवसापुरते ते मला आवडत. हे लिहिताना आजही जीव जातो.

शेवटच्या वर्षी कोंबडीच्या गर्भाची स्लाईड करायची होती. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. बाबांनी घरी स्पष्ट सांगितलं होतं: यंदा पास झालीस तर नागपूरला एम.एस्सी., नाहीतर साकोलीचं स्थळ. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसायचं तर जर्नलवर सरांची सही लागे.

अंडी आम्हीच आणायची. आईनं चार दिवस जमवलेली अंडी मी धानाच्या कोंड्यात घालून एस.टी.नं आणली, कॉलेजच्या उबवणीच्या पेटीत बरोबर तेहतीस तास ठेवली आणि स्लाईड केली. त्या वयाच्या पिल्लाच्या पाठीशी मण्यांसारखे ठोकळे जोडीजोडीनं दिसतात. पुढे त्यांचेच मणके आणि मांस होतं. पुस्तकात तेहतीस तासांना बारा जोड्या लिहिल्या होत्या. मला सतरा दिसल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा सतरा. माझंच काहीतरी बिघडलं असं समजून मी बारा काढल्या, सुबक, छायेसकट.

बिघडलं काहीच नव्हतं. आईच्या पत्र्याच्या खोलीत, आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात चार दिवस पडलेलं अंडं पेटीत जायच्या आधीच कामाला लागलेलं असतं. पुस्तक लिहिणारा थंड देशातला. त्याला हे कोण सांगणार? आंबागडच्या माणसाला मात्र ते ठाऊक होतं.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ लावला. मग जर्नलकडे पाहिलं.

"किती दिसल्या?"

"बारा, सर."

त्यांनी ब्लेड काढलं नाही. जर्नल मिटलं आणि सही न करता माझ्याकडे सरकवलं. आठ दिवस मी त्यांच्या दारात उभी राहिले, रडले, बाबांची अट सांगितली. त्यांनी मान वर केली नाही. परीक्षा माझ्याविना झाली, जून उजाडायच्या आत साकोलीचं लग्नही झालं. पुढच्या वर्षी सासरहून येऊन परीक्षा दिली तेव्हा त्यांनी काही न विचारता सही केली. एम.एस्सी. राहिली ती राहिलीच.

साकोलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा ते भंडाऱ्याच्या एस.टी. स्टँडवर भेटले. निवृत्त झालेले, वाळलेले. ओळखलं. माझी बस यायची होती, म्हणून बाकावर शेजारी बसावं लागलं. काय करतेस, मुलं किती, हे झालं. मग मला राहवलं नाही.

"तुम्ही एकदाच विचारलंत, सर. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सतरा म्हटलं असतं."

ते मुळीच गडबडले नाहीत. इतक्या वर्षांनी सतरा कसले, हेसुद्धा विचारलं नाही.

"दुसऱ्यांदा काहून विचारू? तुले तर पहिल्यांदाच माहीत होतं."

बस लागली. त्यांनी माझी पिशवी उचलून आत दिली, मी आभार मानले नाहीत. दोन वर्षांत ते गेल्याचं कळलं.

शाळेत मी पोरींच्या वह्या तपासते. आकृती पुस्तकातल्यासारखी गुळगुळीत दिसली की थांबते आणि विचारते, खरंच असं दिसलं का. हो म्हणतात. मी जवळ बसते, पुन्हा विचारते. कधी तिसऱ्यांदाही. बहुतेक पोरींचं उत्तर बदलतं. अर्धं मिनिट लागतं, जास्त नाही. प्रत्येक वेळी त्या माणसाचा नव्यानं राग येतो.