आईची मिसरी आणि माझे उंदीर

सांगलीच्या प्रयोगशाळेत माझं काम असं: उंदरानं पेटीतली दांडी दाबली की नळीतून त्याच्या अंगात उत्तेजक औषधाचा थेंब जातो. पुढच्या थेंबासाठी दांडी आणखी जास्त वेळा दाबायची. कुठल्या औषधापायी उंदीर किती राबतो आणि कुठं कंटाळून बसतो, त्यावरून औषधांची ताकद ताडायची. कितीही नादिष्ट असला तरी उंदीर शेवटी कंटाळतोच.

याच डोक्यानं मी गावाकडं आईची मिसरी सोडवायला निघाले! तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता. डॉक्टर म्हणाले, तंबाखू आजपासून बंद, नाहीतर पुढं अवघड आहे. माझी झोपच उडाली. आई म्हणते, "आगं, मिसरी लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई. डाक्टरला काय कळतंय?"

म्हटलं थांब, तुझी दांडी जड करते. डबी फेकली असती तर तिनं तव्यावर नवी मिसरी भाजली असती. लपवली की शोधत राहील आणि शोधून कंटाळेल, असा माझा शास्त्रीय हिशेब. माळ्यावर ठेवली, तर गुडघे धरून चालणारी ही बाई शिडी चढली. कडब्याच्या गंजीत खुपसली, तर तिनं अख्खी गंज उपसून परत रचली. शेवटी डबी औंधला मावशीकडं नेऊन दिली.

आणि आईला एकाएकी यमाईची ओढ लागली. दर मंगळवारी एसटीनं औंध! मी खूश. आई सुटली, देवाला लागली, म्हणून गावभर सांगत सुटले. एका मंगळवारी हौसेनं तिच्यासोबत गेले. देवीच्या डोंगराकडं ढुंकूनही न बघता ही तडक मावशीच्या मोरीत!

"सख्खी भन मागती, न्हाई कसं म्हनू?" मावशीनं डबी पुढं केली.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून भोकाडच पसरलं. "तुला काय झालं तर मी कुणाकडं बघू गं?" आईचं बोट दाताशीच थांबलं. मग तिनं खळाखळा चूळ भरली. "रडू नगं. आज न्हाई लावत."

त्याच रात्री मी सांगलीला परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी, नेमका मिसरीच्या वेळेला, तिचा व्हिडिओ कॉल. "काय न्हाई, तुजं तोंड बघाय केला." तेव्हापासून रोज. चट्टा कमी होतोय, डॉक्टर म्हणतात. कधी मी हातमोजे घालून उंदरांपाशी असते, फोन घेता येत नाही. मग ती परत फोन लावते. परत. परत. अजून एकदाही कंटाळलेली नाही.