परत न केलेल्या किल्ल्या

खांदेश्वर स्टेशन मागे टाकून आम्ही खांदा कॉलनीत शिरलो. कामोठ्यातून निघाल्यापासून सुचिता चप्पल घासत चालत होती. दर सोमवारी पहाटे मी महादेवाला पायी जाते. सुचिता आमच्याच विंगमधली, दोन मजले वर. ती येते ती चालायला. मी देवळात जाते तेव्हा ती समोरच्या तलावाच्या कठड्यावर बसते. त्यावरून आम्ही एकमेकींना कधी काही बोललो नाही.

"अगं, भांडलीस का घरी?"

"घरी नाही हो ताई. प्रोग्रॅमशी."

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण तिचं काम ऐकायला आवडतं. सुचिता मूळची साताऱ्याकडची. गिरणीत दळण टाकायला गेली तर दगड कसा बसवलाय ते बघून येणारी. मुलगा झाल्यावर तिने नोकरी सोडली. पुष्कळ वर्षांनी महाप्याच्या एका छोट्या कंपनीत पुन्हा लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर तिनेच पूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम आला. एका डायलिसिस सेंटरचा. पेशंटच्या घरचे मोबाइलवरून नंबर लावतात, तो.

"लग्नातली साडी कपाटात सापडावी तसं झालं," ती तेव्हा म्हणाली होती, "पण घडीवर विरलेली."

जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालेना, म्हणून तो नव्या फ्रेमवर्कवर न्यायचा होता. फ्रेमवर्क म्हणजे काय, विचारलं तर म्हणाली, "तयार ओटा समजा. नळ, पाइप सगळं बसवलेलं. आपण फक्त स्वयंपाक करायचा."

"मग अडलं कुठे?"

"माझ्या जुन्या सवयीत."

गुरुवारी सेंटरमध्ये चाचणी झाली. सकाळी एकेकाने नंबर लावला, सगळं ठीक. मग सगळ्यांनी एकदम मोबाइल उघडले आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं. शेवटी सेंटरवाल्यांनी फोनवर नंबर घेतले. तिचा साहेब आशुतोष, वयाने तिच्यापेक्षा लहान, शांतपणे म्हणाला, बुधवारी परत बघू. तेव्हाही अडकलं तर हे काम पुण्याच्या टीमला देऊ.

"रागावला असता तर बरं वाटलं असतं," सुचिता म्हणाली. "माझा प्रोग्रॅम, ताई. दुसऱ्या कुणी तो नीट केला तर मी तिथे काय करायचं?"

"पण सगळे एकदम आले की का अडकतं?" मी काही सोडलं नाही.

ती रस्त्यातच थांबली. "पेशंटची सगळी माहिती एका खोलीत आहे समजा, आत जायला किल्ली लागते. पूर्वी प्रत्येकाला नवी मिळायची. काम झालं की ती आपोआप रद्द. ती परत घ्यायचं प्रोग्रॅममध्ये लिहायला विसरलं तरी चालायचं, आणि मी विसरायचे. आता किल्ल्या मोजक्या. त्याच फिरवायच्या. थोड्याजणांनी ठेवून घेतल्या की बाकीचे दारात उभे."

"मग जिथे विसरलीस तिथे परत कर की."

"तेच करतेय. ऑफिसात आता अडकत नाही. पण आमची पोरं शहाण्यासारखी वापरतात. नाव टाकतात, तारीख टाकतात, बटण दाबतात. अर्ध्यात कुणी सोडतच नाही."

"आणि सोडलं तर?"

"तर कदाचित किल्ली त्याच्याच हातात राहते. कदाचित. माझी तीच जागा दुरुस्त करायची राहिली असेल."

तलाव आला. मी आत जाऊन बेल वाहिला. तिच्यासाठी काही मागावं असं मनात आलं, पण आधी तिला विचारावं म्हणून बाहेर आले.

"महादेवाला सांगू का तुझं?"

"सांगा की. पण ताई, तुमच्या भजनाला किती जणी येतात?"

"उद्याच आहे. वीसेक येतील. का गं?"

"सगळ्यांकडे मोबाइल?"

"भजनात वाजतात तेवढे तरी."

सकाळपासून ती पहिल्यांदा हसली. "मग भजन झाल्यावर त्यांना जरा बसवून ठेवाल? मी चाचणीची लिंक पाठवते, त्यात खरा पेशंट कुणी नाही. सगळ्यांनी एकदम नंबर लावायचा. मध्येच कुणाचा फोन येऊ दे, कुणी मागे जाऊ दे, खालच्या सगुणाकाकींना एकच बटण पाच वेळा दाबू दे."

"म्हणजे आमचा गोंधळ बघायचाय तुला."

"तोच हवाय. फक्त एक करा, ताई. कसं वापरायचं ते त्यांना आधी शिकवू नका."