सर्कशीचं अस्वल

कम्युनिस्ट पोलंडातल्या वूच शहरातला पोस्टरवाला कॉन्स्तांती व्रोना चित्रकार म्हणून पट्टीचा, माणूस म्हणून महाभित्रा. सिनेमा, नाटक, सर्कस, समोर येईल ते त्याने रंगवलं, नाव कमावलं. पण चित्र छापायला गेलं की याची झोप उडालीच म्हणून समजा.

एका वसंतात त्याने सर्कशीसाठी अस्वल काढलं. टकलं, गुबगुबीत, तीनचाकीवर बसलेलं. मनात काही पाप नव्हतं हो. पोस्टरं भिंतीभिंतीवर लागली आणि सकाळी त्याची बायको ब्रोन्या पावाच्या रांगेतून घाबरीघुबरी परत आली.

"लोक तुझ्या अस्वलाला हसतायत."

"सर्कशीचं आहे, हसणारच."

"तसं नाही रे बाबा. पक्षाच्या सचिवासारखं दिसतंय म्हणे. तेच टक्कल, तीच हनुवटी."

कॉन्स्तांतीने खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं पोस्टर नीट पाहिलं. आता त्यालाही तेच दिसायला लागलं. स्वतःच्या हाताने काढलं आणि डोळे काय झाकले होते? मुलगी डॉक्टरकी शिकत होती, तिला कॉलेजातून काढलं तर? बोलावणं येण्याआधी आपणच गेलेलं बरं, म्हणून त्याने टोपी चढवली आणि थेट सेन्सॉरची कचेरी गाठली.

"साहेब, माझं पोस्टर उतरवा."

ते मंजूर करणारा अधिकारी झ्गोदा समोर बसला होता. त्याचाही चेहरा उतरलेला.

"का उतरवू?"

"नीट जमलं नाही."

"मग तसं लिहून द्या. अस्वल कोणासारखं दिसतं, नावानिशी लिहा." त्याने कागद पुढे सरकवला. "मी नाही लिहिणार. मलाही पोरंबाळं आहेत."

कॉन्स्तांतीने पेन उचललं. नाव लिहावं तर गुन्हा आपल्याच अक्षरात कबूल. त्याने पेन खाली ठेवलं.

"अस्वल अस्वलासारखंच दिसतं, साहेब."

"मग राहू दे भिंतीवर."

अस्वल राहिलं. अनोळखी माणसं रस्त्यात याचा हात हातात घेऊ लागली, रांगेत पुढे उभं करू लागली. काय छातीचा माणूस, म्हणायची. छाती कसली डोंबलाची, जिन्यात पाऊल वाजलं की हा जेवता जेवता घास धरून थांबायचा.

पुढच्या हंगामात सर्कशीला पुन्हा अस्वलच हवं होतं. नाही म्हणावं तर संशय. मग याने तोंडच काढलं नाही, अस्वल पाठमोरं रंगवलं. आता कोणासारखं दिसेल, बघू.

पोस्टर लागलं त्या सकाळी तो बघायला गेला. तिथे एक ट्रामवाला उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि याच्या कानाशी लागला.

"मानलं बुवा तुम्हाला. या खेपेला तर सचिवसाहेबांचं ढुंगणच दाखवलंत."