अर्लचा किताब आणि पोळ्याचा मान

बाबांना इंग्लंडच्या सरदारांचं वेड लागलं ते माझ्यामुळे. मी बुलढाण्याला कॉलेजात होते आणि इतिहासाच्या पुस्तकात एका अर्लच्या घराण्याची हकिगत होती. सुट्टीत गावी आले की ती मी बाबांना मराठीत सांगायची. पहिल्याला राजानं लढाईतल्या कामगिरीबद्दल किताब दिला, तिसऱ्यानं राजाशीच वाकडं घेऊन तो घालवला, त्याच्या नातवानं हातापाया पडून परत मिळवला. बाबा सुपारी कातरत ऐकत. पुढे एका अर्लला तिन्ही मुलीच झाल्या आणि किताब गेला चुलतभावाकडे.

"पोरीयले काऊन नाही?" बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तसा कायदाच होता, बाबा."

"म्हंजे साहेबायच्या घरीबी आपलंच रडगाणं!"

कारण बाबा गावचे पाटील, आणि आम्हीही तिघी मुलीच. पुढे पाटीलकी आपल्याकडे येणार, हे चुलतकाका चहा पिता पितासुद्धा ऐकवत. मला त्यांचा मनापासून राग यायचा. बाबांचा जीव मात्र पाटीलकीत नव्हता, पोळ्याच्या मानात होता. पाटलाची म्हणून तोरणाखालून पहिली बैलजोडी आमची जायची.

मग सरकारनं वंशपरंपरेची पाटीलकीच मोडली. काकांचं तोंड एवढंसं झालं आणि मला हसू लपवता येईना. पण बाबांचंही जेवण कमी झालं. पोळ्याला त्यांनी बैलांची शिंगं रंगवली, झुली घातल्या आणि देवळापुढे जाऊन सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

"आता मान कायचा? लोकं हसतीन," म्हणाले.

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, पण पहिली जोडी कोणी हलवेना. जो तो मागे वळून बाबांकडे बघे. बाबा जागचे हलेनात. तेवढ्यात आमचा थोरला बैलच सवयीनं निघाला. जोडीदाराला आणि कासऱ्यासकट बाबांना ओढत तो गर्दीतून थेट तोरणाखालून पार झाला. बाबांचा फेटा सुटला आणि गाव पोट धरून हसलं.

"बैलायले कायदा कोनं वाचून दाखोला?" काका ओरडले. "चाला भाऊ, पुढंच चाला!" त्या दिवसापासून मला काका आवडू लागले.

घरी बैलांना पुरणपोळी चारताना बाबांनी विचारलं, "त्या अर्लच्या पोरीयचं मंग काय झालं?"

"पुस्तकात नाही."

बाबा थोडा वेळ बैलाची मान खाजवत राहिले. मग कासरा माझ्या हातात दिला.

"पुढच्या साली तू धरजो. काही करा लागत नाही, बैल नेतेत."

पुढच्या पोळ्याला मी तो धरला. काकांनी लोकांना बाजूला सारून वाट करून दिली.