रुमालाखाली ठरलेली पाच इंजिने

माझ्या इंजिनांच्या एजन्सीची हकीकत आमच्या नातलगांत इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे की, तीत माझे काम काय होते, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडावा. विट्याच्या मेहुण्यांना, म्हणजे धाकट्या बहिणीच्या यजमानांना, विचाराल तर मला धंद्याला त्यांनीच लावले. आमच्या सौभाग्यवतींना विचाराल तर धंदा त्यांनी निवडला. पुतण्यांच्या मते सारा प्रकार आबांच्या, माझ्या वडिलांच्या, एका गमतीने घडला. सौदा ठरला त्या दिवशी मी कोरेगावात, आमच्या घरीच, हजर होतो, शुद्धीवर होतो आणि बराच वेळ बोलतही होतो. तेव्हा आता माझे ऐका.

सत्तरच्या दशकात, दुष्काळ सरून जो तो आपली विहीर खोल करीत होता त्या सुमारास, मी फौजेतून हवालदार होऊन परतलो. ऊस थोरले बंधू पाहत होते. त्यांच्या हुकुमाने बांधावर उभे राहणे माझ्या स्वभावात नव्हते. म्हणून एखाद्या कंपनीची एजन्सी घ्यावी, असे मी ठरवले. माल आणि नाव कंपनीचे, दुकान मात्र आपले.

मेहुण्यांचे दूर उत्तरेत गलाईचे, सोने आटवून शुद्ध करण्याचे, दुकान होते. आयुष्यभर भट्टीपुढे बसणाऱ्याला थंडाव्याचे अप्रूप असणारच. त्यांनी महाबळेश्वरात थंड पेयांची एजन्सी घेण्याचा सल्ला दिला. मी भर पावसाळ्यात जाऊन पाहणी केली. दुकाने गवताने शाकारून बंद केलेली होती. एकच उघडे होते, आणि त्याचा मालक शेगडीवर हात शेकत बसला होता. मी पावसाला भिऊन पळालो, असे मेहुणे आजही सांगतात. सीमेवर बर्फात पहारा केलेल्या माणसाविषयी हे विधान करायला धैर्य लागते, आणि ते त्यांच्यापाशी मुबलक आहे. मी बाटल्यांना गिऱ्हाईक शोधले. ते मिळाले नाही, म्हणून परतलो.

धंदा निवडताना लोक विचारतात की माल खपेल का. मी विचारले की, त्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला काय करावे लागेल. फौजेच्या वर्कशॉपात मी कैक इंजिने खोलली आणि जोडली होती. बंद पडलेल्या इंजिनापुढे मला कंटाळा येत नाही. गोड बोलण्याचा येतो. सौभाग्यवतींनी हेच त्यांच्या शब्दांत मांडले. "आवं, गिऱ्हाइकापुढं हसत बसनं तुमाला जमायचं न्हाई. भांडाया मिळंल असा धंदा बगा." त्या असे म्हणाल्या, हे मला मान्य आहे. परंतु त्याच्या आधीच मी विहिरीवरची पाणी उपसायची इंजिने करणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीकडे चौकशी केली होती. आपल्या मनातले दुसऱ्याने मोठ्याने बोलून दाखवल्याने ते त्याचे होत नाही.

कंपनीच्या अटी दोन होत्या. दुकान रस्त्यावर हवे, आणि सुरुवातीलाच दहा इंजिने उचलायला हवीत. रस्त्यावरची खोली आबांची होती. ती नाही, तर एजन्सीही नाही. आबांनी 'एजंट' हा शब्द ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे जनावरांच्या बाजारातला दलाल, ज्याला आम्ही हेडी म्हणतो, तो उभा राहिला. "फौजंत हवालदार झालास आन् आता हेडी व्हनार व्हय रं?" एवढेच ते म्हणाले. खोलीत खताची पोती होती, ती तशीच राहिली. पुष्कळ वादानंतर त्यांनी इतके कबूल केले की, कंपनीचा साहेब येऊ दे, माणूस पारखून मग बोलू.

साहेब आले. पुण्याचे, बुशशर्टातले, सभ्य गृहस्थ होते. मी म्हटले, दहा इंजिने ठेवून गंजवू कशाला, पाच घेतो. ते म्हणाले, नियम दहाचा आहे. मी नियमाची उलटतपासणी घेतली, त्यांनी घड्याळ पाहिले, आणि शेवटी ते उठले. तोवर ओट्याशी शेजारची चार माणसे जमली होती.

तेव्हा आबांनी खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली जितकी बोटे धरावीत तितका आकडा, आणि बघणाऱ्यांना काही कळत नाही. साहेबांना वाटले, म्हातारे निरोप घेताहेत. त्यांनी रुमालाखाली हात घालून शेकहँड केला, चांगला घट्ट, सगळा पंजा धरून.

"पाच," आबा म्हणाले आणि त्यांनी रुमाल झटकला. "ठरलं."

साहेबांनी विचारले, काय ठरले?

"पंजा धरलासा न्हवं तुमी? धरलेला हात मागं घेत न्हाईत."

पुतणे सांगतात की साहेब खदखदून हसले आणि त्यांनी तिथेच सही केली. साफ खोटे. साहेब मुळीच हसले नाहीत. हा करार होऊ शकत नाही, असेच ते म्हणाले, आणि कायद्याने ते बरोबर होते. मग मी बोललो. ओट्यापाशी उभे आहेत तेच तुमचे गिऱ्हाईक, मी म्हणालो. कंपनीच्या माणसाने धरलेला हात सोडला, ही बातमी येत्या बाजारी तालुकाभर होईल, आणि मग तुमचे इंजिन इथे फुकट दिले तरी कोणी विहिरीवर बसवणार नाही. साहेब पुन्हा खाली बसले. ओट्याकडे पाहत त्यांनी चहा संपवला आणि पाच इंजिनांवर सही केली. रुमाल आबांचा होता, हे खरे. पण रुमालाने कधी कोणाला पटवून दिल्याचे मी ऐकलेले नाही.

साहेब गेल्यावर आबांनी जमलेल्यांना सुनावले, "हेडी दोनी बाजूंनी खातो. ह्यो दोनी बाजूंनी भांडतो. ह्याला हेडी म्हनू नगा." मग ते स्वतः उठून खोलीचे दार उघडायला गेले. खताची पोती त्याच संध्याकाळी बाहेर निघाली. ती सगळी आपण उचलली, असे तेव्हा सुटीवर आमच्याकडे आलेले मेहुणे सांगतात. त्यांनी एकच उचलले होते, आणि तेही माझ्या पाठीवर ठेवायला.